मुळातली हाक

एकच पोथी. तीच पानात, तीच फुलात, तीच मातीखालच्या मुळात. झाडाच्या कोणत्याही पेशीचे दार उघडा, आत तीच पोथी ठेवलेली आहे. अक्षर न् अक्षर तेच, काना-मात्रेचाही फरक नाही. मग पान हिरवे का आणि मूळ पांढरे का? कारण पोथी साऱ्यांची एक असली तरी वाचन एक नाही. प्रत्येक पेशी आपल्या वाट्याची पाने उघडते, बाकीची मिटून ठेवते. देणाऱ्याने हात आखडता घेतला नाही. त्याने प्रत्येकीला सगळे दिले, आणि आपले तेवढेच वाचण्याची बुद्धीही दिली. कोणत्या पेशीने कोणते पान उघडले हे ओळखण्यासाठी एका बाईने आपला जन्म वेचला. तिची ही गोष्ट. ती गोड नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

वनस्पतींच्या त्या संशोधन संस्थेत पानांवर काम करणारे पुष्कळ होते, बियांवर काम करणारे होते, फुलांवर तर रांग होती. मुळांवर काम करणारी ती एकटी. म्हणून सगळे तिला 'मुळावरची बाई' म्हणत. नवखा कोणी वरच्या मजल्यावर वाट चुकून तिच्या दाराशी घुटमळला, की जिन्याजवळ बसणारा शिपाई गंभीर चेहऱ्याने सांगे, "तिकडं जपून जा. मुळावरच्या बाई आहेत तिथं." आणि आतून आवाज येई, "अजून कुणाच्या मुळावर आले नाही! या आत, पण चपला बाहेर काढा, धूळ चालत नाही."

तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवत असे. तो म्हणे, "लग्नाआधी बोलली असतीस, तर मी कुंडीत उभं राहून दाखवलं असतं. निदान माझ्याकडं लक्ष गेलं असतं." ती म्हणे, "तुम्हाला मूळ कुठं आहे? नुसता पाला." अशी त्या घरातली भाषा होती, आणि तिच्यात प्रेम भरून वाहत होते.

आता तिचा प्रश्न समजून घेऊ, कारण तिचे सगळे सुख आणि सगळे दुःख त्या एका प्रश्नात आहे. मूळ आडवे कापले तर आत एकात एक अशी वर्तुळे दिसतात. बाहेरचे वर्तुळ मातीला भिडलेले. मधोमध पाणी वर नेणाऱ्या नळ्या. आणि या दोहोंच्या मध्ये एकाच पेशीच्या जाडीचे एक कडे. हे कडे म्हणजे झाडाचा उंबरठा. मातीतून आलेले पाणी असो, मीठ असो, विष असो, इथवर कोणीही येते. पण आत जायचे तर या कड्यातल्या पेशींची परवानगी लागते. तिचा प्रश्न असा होता: जमिनीत मीठ वाढले, तर ही दारावरची पेशी पोथीतले कोणते पान सर्वांत आधी उघडते? ते पान कळले, तर खाऱ्या जमिनीत तग धरणारे रोप करता येईल. पांढरी फटक पडलेली रानेच्या राने हिरवी होतील. एवढेच तिला हवे होते, आणि एवढ्याचसाठी ती जगत होती.

पण पेशीला विचारायचे कसे? मूळ सबंध कुटले, तर सगळ्या पेशींचा एकच कालवा ऐकू येतो. बाजारात उभे राहून एका माणसाची कुजबूज ऐकण्यासारखे ते आहे. म्हणून तिने त्या कड्यातल्या पेशींनाच तेवढा हिरवा उजेड दिला. तिच्या रोपांची पोथी तिने अशी घडवली होती, की भिंगाखाली मूळ धरले की काळोखात फक्त ते कडे उजळे. जणू काकणच कोणी आत सरकवून ठेवले आहे. मग ती मुळांची टोके कापून एका द्रावणात ठेवी. वनस्पतीची पेशी भिंतीच्या घरात राहते, आणि त्या द्रावणात भिंती हळूहळू विरघळतात. घर गेले की पेशी गोल होऊन दवाच्या थेंबासारखी तरंगू लागते. मग एक यंत्र त्या थेंबांतले हिरवे तेवढे वेचून घेई. आणि पेशीने उघडलेल्या पानांच्या ज्या नकला, जे निरोप तिच्यात फिरत असतील, ते वाचता येत.

आणि इथे या बाईचा हात सांगितला पाहिजे. इतर लोक या कामात घाई करत. बशी हलवत, मुळे चिमट्याने फाडत, पेशी ओरबाडून काढत. तिला ते बघवत नसे. "ओढाताण करायची नाही," ती म्हणे. "आपण पाहुणे आहोत. सुटतील तेव्हा घ्यायच्या." डोळा भिंगाला लावून ती बसून राही. साध्या पाण्यावर वाढलेली मुळे लवकर सुटत. मिठावर वाढलेली मुळे चिवट, त्यांच्या भिंती हट्टी. त्यांच्यापाशी ती अधिक वेळ बसे. आई तापलेल्या पोराच्या उशाशी बसते तशी बसे. "थोडं अजून," ती पुटपुटे. "दम धरा. थोडंच अजून."

असे करता करता एक दिवस ते पान सापडले. झाडात इतरत्र कुठेही न उघडणारे, साध्या मुळात जवळपास मुके. पण मिठावरच्या मुळात, त्या एका कड्यात, कंठ फुटल्यासारखे बोलणारे. पुन्हा केले, पुन्हा तेच आले. कितीही वेळा केले तरी तेच आले. नवीन जनुकाला, म्हणजे पोथीतल्या अशा पानाला, नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. तिने नाव ठेवले 'हाक'. दारावरच्या पेशीने संकट ओळखून आतल्यांना मारलेली हाक. शोधनिबंध छापून आला, जगभरच्या प्रयोगशाळांत ते नाव गेले. लांबून येणारे पाहुणे त्याचा उच्चार 'हक' करत, तेव्हा नवरा म्हणे, "बरोबर बोलतात ते. तुझा हक्कच आहे तो." ती लाजे. त्या दिवसांत तिच्या चालण्यात एक ठेका आला होता, आणि शिपाई सांगे की बाई जिन्यावरून गुणगुणत येतात.

पुढची पायरी उघड होती. ज्यांच्यात हाक अधिक जोराने घुमेल, अशी रोपे करायची आणि त्यांना खारे पाणी घालायचे. त्यासाठी वर्षे गेली. केस पांढरे झाले, निवृत्ती दाराशी आली. संस्थेच्या साहेबांनी, म्हणजे संचालकांनी, तिला बोलावून सरळ सांगितले, "बाई, ही रोपं उभी राहिली, तर तुमची खोली तुमच्यानंतरही मुळांचीच राहील. माणूस देईन, यंत्र देईन. नाही राहिली, तर फुलंवाले कधीचे जागा मागतायत."

"राहतील, साहेब," ती म्हणाली. असे ठामपणे ती एरवी काहीच म्हणत नसे.

काचघरात कुंड्या मांडल्या. एका बाजूला साधी रोपे, दुसऱ्या बाजूला हाकेची. पाणी तिने स्वतःच्या हाताने घातले. पहिल्यांदा साध्या रोपांच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, आणि तिला वाईट वाटूनही बरे वाटले. मग हाकेच्या रोपांच्या कडा पिवळ्या पडल्या. मग दोन्ही बाजूंची पाने आत वळली, तपकिरी झाली, बोट लावताच चुरा होऊ लागली. कोणती रांग कोणती, हे कुंडीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ओळखू येईना. तिने मातीला दोष दिला, काचघराच्या उन्हाला दिला, पाण्याच्या टाकीला दिला. पुन्हा लावली. पुन्हा तसेच झाले.

तेव्हा ती खालच्या मजल्यावर आपल्या मैत्रिणीकडे गेली. ही मैत्रीण वनस्पतींचे इतके पातळ काप काढी, की सगळी संस्था तिला 'पातळबाई' म्हणे. देहाने ती चांगली भरलेली होती आणि स्वतःच सांगे, "माझ्यात पातळ आहे ते एवढंच." दोघी एकाच वेळी संस्थेत आलेल्या, एकाच डब्यातून जेवलेल्या, दोघींनीही डॉक्टरेट एकाच गुरूजवळ केलेली.

"अगं, हाक जागेवर बघू," पातळबाई म्हणाली. "भिंत मोडायचीच नाही. मूळ आहे तसं एका क्षणात गोठवायचं, काप काढायचा, आणि फक्त तुझ्या हाकेच्या निरोपाला चिकटेल असा रंग सोडायचा. जिथं हाक, तिथं रंग."

"पूर्वी केलं होतं की. काही दिसलं नव्हतं."

"पूर्वीचा रंग फिका होता. तेव्हा आपण म्हणालो, निरोप बारीक आहे, रंगाला पेलत नाही. आता नवा रंग आलाय. एक निरोप असला तरी ठिपका दिसतो."

मिठावरचे मूळ गोठवले, कापले, रंगवले. दोघींनी आळीपाळीने भिंगात पाहिले. कडे सुबक होते, पेशींच्या भिंती अखंड होत्या, सारे घर जागच्या जागी होते. आणि रंग नव्हता. एक ठिपका नव्हता.

"रंग शिळा असेल," मुळावरची बाई म्हणाली.

"शेजारचा काप बघ. दुसरा निरोप लख्ख लागलाय."

"मग मीठ कमी पडलं असेल."

"मीठ तू घातलंस, बाई. तुझा हात मी ओळखते."

ती उठली आणि वर गेली. त्या जिन्यावर, कठड्याला हात धरून चढताना, तिच्या मनात तो विचार उभा राहिला, जो इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. मिठाची मुळे चिवट. म्हणून ती द्रावणात जास्त वेळ. साधी मुळे लवकर सुटतात. म्हणून ती कमी वेळ. तिने मीठ आणि पाणी यांची तुलना केली, असे जग समजत होते, असे ती समजत होती. तिने खरी तुलना केली होती ती जास्त वेळ आणि कमी वेळ यांची.

आता करायचे ते सोपे होते, म्हणूनच भयंकर होते. साध्या पाण्यावरची मुळे घ्यायची, ज्यांनी मिठाचा कणही पाहिलेला नाही, आणि सुटल्यावरही त्यांना काढायचे नाही. मिठाच्या मुळांपाशी ती बसे तितकाच वेळ द्रावणात राहू द्यायचे. ती बसली. डोळा भिंगाला. थेंब सुटून तरंगत होते आणि ती त्यांना उचलत नव्हती. पूर्वी सगळे दिवस जे "थोडंच अजून" ओठांवर येई, ते आज आले नाही.

निकाल आला तेव्हा पातळबाई जवळ होती. पडद्यावर हाकेची रेघ उंच गेली होती. मिठाच्या मुळात जाई तितकीच उंच. मीठ नव्हतेच, तरीही. मग आयुष्यभराच्या सवयीने पातळबाईच्या तोंडून निघून गेले, "अगं, मग ही हाक कसली? बोंब आहे ही. घर मोडताना मारलेली."

आणि तिने आपल्या तोंडावर हात ठेवला.

"नको गं लपवू," मुळावरची बाई म्हणाली. "नाव बरोबर ठेवलंस. मला जमलं नाही."

काय म्हणावे याला? तिने चोरी केली नाही, आकडा वाकवला नाही, कोणाचे श्रम आपल्या नावावर लावले नाहीत. घाई केली असती, मुळे फाडली असती, दोन्ही बशा एकाच वेळी निष्ठुरपणे रिकाम्या केल्या असत्या, तर हा भ्रम झाला नसता. तिने माया केली. तिने वाट पाहिली. आणि त्या वाट पाहण्यातूनच खोट आत शिरली. ज्या मुळांना ती "दम धरा" म्हणत होती, ती मुळे त्या वेळी तिच्या भिंगाखाली टाहो फोडत होती, आणि तो टाहो तिने मिठाविषयीची बातमी म्हणून जगाला सांगितला. देवाने तिची परीक्षा पाहिली, असे म्हणणे आपल्याला सोपे आहे. तिला तसे वाटले नाही. आणि तिच्या वतीने ते आपण म्हणू नये.

साहेबांना ती दुसऱ्या दिवशी भेटली. साहेब वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. सगळे ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, जाता जाता कशाला? ह्या क्षेत्रात जुनं खोटं ठरतच असतं. कुणीतरी करेल ना पुढं. तुम्ही शांतपणे निवृत्त व्हा, मी छान निरोप देतो."

"कुणीतरी म्हणजे, साहेब, या हाकेवर आपली वर्षं घालवून मग करेल. आत्ताही लोक तिच्या मागं आहेत. मी हाक मारली म्हणून आलेत ते."

"निबंध मागं घेतलात, तर खोलीचं माझ्या हातात काही राहत नाही."

"राहिली तरी तिच्यात काय ठेवू?"

साहेबांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. "मग घ्या मागं," ते म्हणाले. "पण 'वाट पाहिली' वगैरे लिहू नका. पद्धतीतली त्रुटी म्हणा. लोक हसतील."

"पद्धत माझीच होती," ती म्हणाली.

शोधनिबंध मागे घेतला गेला. त्याच्या माथ्यावर तसा शिक्का आला. ज्यांनी हाकेवर घरे बांधली होती, त्यांच्यातल्या काहींनी रागाचे दोन शब्द लिहिले, बाकीच्यांनी तेही लिहिले नाहीत.

घरी नवऱ्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग तो हळूच म्हणाला, "पुन्हा विचार ना त्या पेशीला. प्रश्न तर तोच आहे. दोन्ही बशांना सारखा वेळ दे."

"दिला. सारखा कमी वेळ दिला, तर मिठाच्या पेशी सुटतच नाहीत. सारखा जास्त दिला, तर दोन्हीकडून एवढी बोंब होते की बाकीचं काही ऐकूच येत नाही. मीठ कुठंतरी त्याखाली बोलत असेल. असेल."

"आणि पातळबाईंची रीत?"

"तिच्या रीतीनं एका वेळी एकच निरोप शोधता येतो, आणि तो कोणता हे आधी ठाऊक लागतं. पोथी एवढी मोठी. एकेक ओळ घेऊन कधी संपायची? न मोडता सगळं वाचणारी यंत्रं निघतायत म्हणे कुठंकुठं. इथं येतील तेव्हा माझी खोली नसेल, आणि मीही नसेन."

"असं बोलू नये."

"मग कसं बोलू, सांगा." तिचा स्वर चढला नव्हता. तिला खरेच विचारायचे होते. पोरांकडून आयुष्यभर नद्यांची उगमस्थाने पाठ करून घेतलेल्या भूगोलाच्या मास्तरांनी तिच्या ताटाकडे पाहिले. ती जेवली नव्हती.

शेवटचे काम रोपांचे होते. अशी घडवलेली रोपे बाहेर टाकता येत नाहीत; त्यांचे बीज रानात जाता कामा नये, असा नियम असतो आणि तो योग्य आहे. म्हणून ती वाफेच्या मोठ्या भांड्यात, दाबाखाली, उकळून मारावी लागतात. संस्थेत त्या यंत्राला सगळे कुकरच म्हणत. पातळबाई मदतीला आली. दोघींनी रोपांच्या प्लास्टिकच्या बशा एकीवर एक रचून पिशव्यांत भरल्या. मिठाच्या वेगळ्या, साध्या वेगळ्या, अशी सवय होती म्हणून. मग मुळावरची बाई स्वतःवरच चिडून म्हणाली, "आता कशाला वेगळ्या?" आणि एकत्र केल्या. बियांच्या कुप्याही त्यात गेल्या.

एक बशी तिने राखली होती. ती भिंगाखाली ठेवली, दिवा लावला. मूळ जिवंत होते. टोक पुढे सरकत होते, डोळ्याला कळणार नाही इतके हळू. आणि आत ते हिरवे कडे, आपल्या भिंतींत, अखंड. कोणते पान उघडून बसले होते, कोण जाणे. काही तरी वाचत होते हे नक्की, कारण वाचल्यावाचून पेशी जगत नाही. तिने पुष्कळ वेळ पाहिले. विचारण्यासारखे तिच्याजवळ काही उरले नव्हते, आणि विचारले असते, तर त्याला पुन्हा मोडावे लागले असते.

"आण ती पण," पातळबाई म्हणाली.

तिने दिवा मालवला आणि बशी दिली.

कुकरचे झाकण बसले, काटा चढला. दोघी बाकावर बसल्या. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून शिजलेल्या पाल्याचा वास येऊ लागला. कोणत्याही घरात, कोणत्याही दुपारी येतो तसा. पातळबाईने नाक वर केले. "मीठ घातलेलंच आहे," ती म्हणाली.

मुळावरची बाई हसली. खरोखर हसली, खांदे हलेपर्यंत. आणि हसता हसता मैत्रिणीच्या दंडाला धरून राहिली. पातळबाईने तो दंड तसाच राहू दिला. काटा खाली आला, झाकण उघडले, आणि आत वितळलेल्या बशांचा एक गढूळ गोळा होता, ज्यात पान कोणते आणि मूळ कोणते हे आता कोणालाही सांगता आले नसते.